आखाड जेवून आलेल्या साळूची कहाणी

ऐका अन्नपूर्णामाई, तुमची कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला नदी, नदीला घाट, घाटाला एकवीस पायऱ्या. घाटाच्या वर कोष्ट्यांची आळी. तिथं सोनजी कोष्टी राहत असे. घरात माग, मागावर लुगडं, आणि त्या मागाच्या आधारानं जगणारी चार माणसं. सोनजी, त्याची म्हातारी आई, त्याची बायको साळू आणि पाच वर्षांची लेक बकुळा. घर श्रीमंत नव्हतं, पण चूल कधी गार पडली नव्हती.

साळू लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेराहून पितळेची अन्नपूर्णा आणली होती. अंगठ्याएवढी मूर्ती, हातात पळी, बसायला तांदळाची वाटी. रोज दुपारी माग थांबे. साळू ताट वाढी, देवीला दाखवी. ज्वारीची भाकरी, मेथीची नाहीतर चाकवताची भाजी, वाटीभर वरण, दह्याची कवडी. आधी सोनजी जेवे, मग साळू बसे. बकुळा आईच्याच ताटात जेवे. आईनं घास घेतला की लेक घास घेई. आई थांबली की लेक थांबे. दुसरं ताट तिला चालत नसे. असे दिवस चालले होते. कुणाचं पोट दुखलं नाही, कुणाचं डोकं दुखलं नाही.

मग आखाड आला. आखाडात लेकी माहेरी जातात, माहेरी कढया चढतात. साळूचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "ताई, चल. तुझ्या वहिनीनं तळणाचं तेल घालून ठेवलंय." साळूनं सासूच्या पाया पडून निरोप घेतला, बकुळेला कडेवर घेतलं, गाडीत बसली. देवीला म्हणाली, "माई, येते हं महिन्यानं."

माहेरी पहिल्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गुळाच्या कापण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी करंज्या झाल्या. मग पुन्हा पुऱ्या झाल्या. वहिनी मायेची होती. म्हणे, "वन्सं, आणखी एक."

"वहिनी, पोट भरलं."

"तुमचं पोट भरलं, माझं मन कुठं भरलंय?"

मग साळू आणखी एक खाई. आई खाई म्हणून लेकही खाई. दुपारी दोघी झोपत. उठल्या की समोर कापण्यांची परात. पाणी आणायचं नाही, दळायचं नाही, कुणाच्या हाकेला ओ द्यायचा नाही. साळूला वाटे, अंग कसं हलकं झालंय. अंग हलकं नव्हतं, मन हलकं होतं. पण माहेरी हे कुणाला कळतं?

महिना सरला. वहिनीनं लाडवांची पाटी शिदोरी म्हणून दिली. गाडी परत आली. श्रावण लागला.

दुसऱ्या दिवशी साळूनं भाकरी केली, देवीला दाखवली, ताटावर बसली. घास तोंडात घातला, तो लाकडासारखा लागला. भाजी कडू लागली. वरण पाणचट लागलं. बकुळेनं तोंड वाकडं केलं. "आई, गोड दे." साळूनं ताट बाजूला सारलं, पाटीतला लाडू काढला, अर्धा लेकीला दिला, अर्धा आपण खाल्ला. मग तिसऱ्या प्रहरी आणखी एक काढला. तो मात्र दाराआड उभ्यानं खाल्ला. चोरून खाल्लेल्या लाडवाला चव नव्हती, तरी दुसरा काढावासा वाटला. आठ दिवसांत पाटी रिकामी झाली.

मग एके सकाळी ती घागर घेऊन नदीवर गेली. भरली घागर कमरेवर घेतली, घाट चढू लागली. पूर्वी एकवीस पायऱ्या ओवी म्हणत चढे. आज सातव्या पायरीला धाप लागली. चौदाव्या पायरीला बसली. आळीतल्या बाया हसल्या. घरी आली तर सासू उंबऱ्यात बसलेली. तिनं सुनेकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "माहेराहून एकच पाटी आणली म्हणालीस. बाकीचं अंगावर घालून आणलंस वाटतं!"

सासूची जीभ तिखट होती, सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते साळूच्या काळजाला लागलं. तिनं घागर ठेवली, चुलीकडं तोंड केलं आणि डोळे पुसले. मनात म्हणाली, मी हावरट झाले. मी देवीला विसरले. आता मी हे सगळं फेडीन.

कसं फेडायचं? डावीकडच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "सोपं आहे. सोमवार धर महादेवाचा, मंगळवार धर गणपतीचा." उजवीकडच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "गुरुवार धर दत्ताचा, शुक्रवार धर देवीचा." समोरच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "शनिवार मारुतीचा, रविवार सूर्यनारायणाचा. मी सांगते म्हणून धर, गुण येतो." साळूनं सगळे धरले. आठवड्यात जेवायला एक बुधवार उरला.

उपासाला तिनं साबुदाणा केला, रताळ्याचे काप तुपात तळले, शेंगदाण्याचे लाडू वळले. आणि बुधवार उजाडला की सहा दिवसांचं एकदम जेवली. पंधरा दिवस झाले. धाप सातव्या पायरीवरून पाचव्या पायरीवर आली. साळू म्हणाली, माझा उपास कच्चा आहे. मग तिनं साबुदाणा सोडला, रताळं सोडलं, बुधवारही सोडला. पाण्यावर राहू लागली. देवीला नैवेद्य मात्र रोज दाखवी. दाखवी आणि नेऊन गाईला घाली. देवीची मूर्ती काळवंडली. साळूनं चिंचेनं घासली, राखेनं घासली, रांगोळीनं घासली. मूर्ती उजळेना.

इकडं काय झालं? बकुळा दुपारी ताटाशी आली. आईनं तिच्यापुढं भाकरी ठेवली. बकुळा म्हणाली, "तुझं ताट कुठाय?"

"माझा उपास आहे, बाळा. तू जेव."

"मग माझापण उपास."

साळू रागावली, साळूनं गोंजारलं, साळूनं गोष्ट सांगितली. पोरीनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दूध पाजलं तर दोन घोट घेई आणि मान फिरवी. सोनजी जत्रेतला खाऊ घेऊन आला, तिनं हात लावला नाही. आजी म्हणाली, "ये माझी साय, ये माझं लोणी, एक घास आजीचा." पोर आजीकडं बघत राही. मग ती खेळायची थांबली. मग ती बोलायची थांबली. चटईवर भिंतीकडं तोंड करून निजून राहिली. गावच्या वैद्यानं नाडी पाहिली. म्हणाला, "ताप नाही, खोकला नाही. हिची भूक हरवलीय. भुकेला माझ्या बटव्यात मुळी नाही."

सोनजीनं माग बंद केला. साळू देवीपुढं गेली, पदर पसरला, म्हणाली, "माई, माझी लेक मला दे. मी पाणीसुद्धा पिणार नाही."

पाहा बायांनो, कशी चुकली! लेक आईचं पाहून उपाशी, आणि आई म्हणते मी आणखी उपाशी राहते.

दुसरा दिवस उजाडला. दुपार झाली. दारात एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, पाय धुळीनं भरलेले, चेहरा सुकलेला. म्हणाली, "माय, पंधरा दिवसांची उपाशी आहे. जेवायला वाढ." साळूला घेरी येत होती. तरी उठली, भाकरी थापली, भाजी परतली, पाट मांडला, ताट वाढलं. म्हातारी पाटावर बसली. घास मोडला, तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

साळू घाबरली. "आजी, काही चुकलं का? मीठ कमी पडलं?"

"मीठ बरोबर आहे. वाढणारीचे हात कापताहेत. तू कधी जेवलीस?"

"माझा उपास आहे."

"कुणाचा?"

"महादेवाचा, गणपतीचा, दत्ताचा..."

"थांब, थांब. त्यांनी मागितला?"

साळू म्हणाली, "मी माहेरी महिनाभर खात बसले, आजी. हावऱ्यासारखं खाल्लं. त्याची शिक्षा घेतेय."

म्हातारी हसली. म्हणाली, "वेडे! वहिनीनं मायेनं वाढलं, तू मायेनं खाल्लंस. त्यात पाप कुठलं? माहेरी तळण नाही खायचं तर कुठं खायचं? तू आखाडात नाही चुकलीस. श्रावणात चुकलीस. वाट सोडून फिरायला गेलीस, छान केलंस. पण परत वाटेला लागायचं सोडून काट्यांत शिरलीस. आणि काट्यांत एकटी शिरलीस का? मागं वळून बघ, लेक तुझं बोट धरून आहे."

साळूनं वळून पाहिलं. चटईवर बकुळा निजली होती. बोटं काड्यांसारखी झालेली. साळू वाकली. म्हातारीचे पाय धरले. म्हणाली, "मला वसा सांगा. सांगाल तो घेईन."

"घेशील, मग उतशील, मातशील, टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"मग ऐक. उपास करू नये. उष्टं खाऊ नये. उभ्यानं जेवू नये. दुपार झाली की पाट मांडावा, ताट वाढावं. भाकरी असावी, हिरवी भाजी असावी, वरण असावं, दह्याची कवडी असावी. देवीला दाखवावं आणि दाखवलेलं आपण खावं. नैवेद्य दाखवून जी आपण जेवत नाही, तिची देवी जेवत नाही. पहिले पाच घास सावकाश खावे. पहिल्या दिवशी चव लागणार नाही. रडू नये. दुसऱ्या दिवशी थोडी लागेल. जीभ ही रुसलेली गाय आहे, मारून गोठ्यात येत नाही, हाक मारत राहिलं की येते."

"आणि कुणी गोड आणून दिलं तर?"

"बसून खावं. गोड आहे म्हणावं. पुढच्या जेवणाला भाकरीकडं यावं."

"आणि वसा मोडला तर?"

"हा वसा मोडत नाही. एक जेवण चुकलं तर पुढच्या ताटाला तो पुन्हा सुरू होतो. मोडेल असा वसा मी बायकांना सांगत नाही. त्यांच्या जिवाला आधीच घोर कमी नाहीत. सात दिवस कर. सातव्या दिवशी उद्यापन. आपल्या माहितीतली जी बाई नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिला बोलवावं, सगळ्यांच्या आधी पाटावर बसवावं, तव्यावरची गरम भाकरी वाढावी, तिला उठू देऊ नये. ते झालं की तुझ्या लेकीची भूक परत येईल. आता बस. आपण दोघी जेवू."

साळूनं दुसरं ताट घेतलं. नैवेद्याची भाकरी मोडली. पहिला घास फिरत राहिला, गिळवेना. डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घास गेला. तिसऱ्या घासाला मागं काहीतरी सरपटल्यासारखं झालं. बकुळा चटईवरून रांगत आली होती. बोलली नाही, हसली नाही. आईच्या मांडीला टेकली आणि आईच्या ताटातला कण उचलून तोंडात घातला.

साळूनं लेकीला पोटाशी धरलं. वर पाहिलं तर म्हातारी नाही. तिचं ताट स्वच्छ पुसल्यासारखं रिकामं, आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णा सोन्यासारखी झळाळते आहे.

सासू मागच्या दारातून आली. सून भर दुपारी सगळ्यांच्या आधी पाटावर बसलेली! सासूनं तोंड उघडलं. मग नातीचं हलणारं तोंड दिसलं. सासूनं आपलं तोंड मिटलं. मग म्हणाली, "उठू नकोस आता. पोरगी तुला बघून खातेय. उद्यापासून तू बस, भाकऱ्या मी टाकते."

दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं. सासू चुलीपुढं, सोनजी, साळू आणि बकुळा पाटावर. सासू भाकरी टाकी आणि बोले, "घ्या, सून बसलीय आणि सासू राबतेय. कलियुग आलं." पण बोलता बोलता गरम भाकरी नेमकी साळूच्या ताटात पडे. दुसऱ्या दिवशी भाजीला भाजीची चव आली. तिसऱ्या दिवशी समोरचीनं पुरणपोळी दिली. साळूनं पाटावर बसून अर्धी खाल्ली, "गोड झालीय हो" म्हणाली आणि दुपारी भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी विसरून उभ्यानं दाणे खाल्ले, आठवलं, हसली, बसली. पाचव्या दिवशी वरणाचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. सहाव्या दिवशी घाटाची चौदावी पायरी मागं टाकली. धाप थोडी लागली, पण ओवी तुटली नाही.

पण बकुळा? बकुळा रोज चार घास खाई, पाचवा नाही. बोलत नव्हती. मला भूक लागली, असं एकदाही म्हणाली नव्हती. साळूचा जीव तिथं अडकला होता.

सातवा दिवस उजाडला. साळू उद्यापनाला निघाली. डावीकडच्या शेजारणीला म्हणाली, "अहो, तुम्ही घरात शेवटी जेवता ना? आज माझ्याकडं आधी जेवायला या." ती म्हणाली, "अगं, मी कुठली शेवटी! चव घेता घेताच माझं पोट भरतं." उजवीकडचीला म्हणाली. ती म्हणाली, "मला भूकच लागत नाही बाई, सवयच नाही." समोरचीला म्हणाली. ती म्हणाली, "माझं काय एवढं! उरलंसुरलं असतंच." तिन्ही घरी एकच तऱ्हा. जिचं पोट रिकामं तीच म्हणे मी भरलेली. साळूला वाटलं, रागानं ओरडावं. कुणाला मागायची भीती, कुणाला लाज. मग उद्यापन कसं व्हायचं? माझ्या लेकीचं कसं व्हायचं?

हताश होऊन ती मागच्या दारानं घरी आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थांबली. सासू कोपऱ्यात उभी होती. पाठ दाराकडं. हातात कालची पाव भाकरी, वाटीत पाणी. भाकरी पाण्यात बुडवून ती घाईघाईनं खात होती. चुलीवर तवा तापत होता. सगळ्यांच्या जेवणाची वेळ झाली होती.

साळूच्या डोळ्यांपुढचं सगळं लख्ख झालं. सहा दिवस आपण पाटावर बसलो. त्यातले पाच दिवस भाकऱ्या कुणी टाकल्या? आपलं जेवण झाल्यावर कोण जेवलं? त्याआधीची सहा वर्षं कोण जेवत होतं आणि केव्हा? आपण एकदा तरी पाहिलं का? तीन घरं धुंडाळली, आणि आपलंच घर राहिलं!

साळू पुढं झाली. सासूच्या हातातली भाकरी काढून घेतली. सासू दचकली. म्हणाली, "अगं, टाकू कशाला अन्न, म्हणून..."

"आत्याबाई, पाटावर बसा."

"मी? आधी सोनजीला वाढ."

सोनजी दारात उभा होता. त्यानंही पाहिलं होतं. त्याची मान खाली गेली. तो पुढं झाला, आईचा हात धरला, पाटावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला. साळूनं भाकरी थापली. तव्यावर टाकली, उलटली, विस्तवावर धरली. भाकरी टम्म फुगली. तशीच वाफेसकट सासूच्या ताटात आली. भाजी वाढली, वरण वाढलं, दह्याची कवडी ठेवली.

सासूनं भाकरीला बोट लावलं. चटका बसला. बोट मागं घेतलं. मग हळूच पापुद्रा उचलला. आतून वाफ आली, तिच्या तोंडावर गेली. सासू बघतच राहिली. मग म्हणाली, आणि आज तिचा आवाज तिखट नव्हता, "साळू, लग्न होऊन आले तेव्हा अकरा वर्षांची होते. भाकऱ्या मोजवणार नाहीत एवढ्या थापल्या. पण भाकरीतून वाफ निघते ती ताटावर बसून पहिल्यांदा पाहतेय गं."

तिनं घास मोडला. तोंडात घातला. सावकाश चावला. डोळ्यांतून पाणी ओघळून वरणात पडलं. साळूनं तव्यावर दुसरी भाकरी टाकली. सासू सवयीनं उठू लागली. सोनजीनं खांदा दाबून बसवलं. म्हणाला, "आई, बस. उलथायला मला येतं." आणि त्यानं उलटली. भाकरी तुटली. सासू रडता रडता हसली.

तेवढ्यात चटईवरून आवाज आला. बारीक, बसलेला, कितीक दिवसांचा गंजलेला.

"आई, मला भूक लागली."

बकुळा उठून बसली होती. डोळे आजीच्या ताटाकडं. साळूच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तोवर बकुळा चालत आली, पाटाशी बसली, आणि म्हणाली, "आणि माझ्या भाकरीत वाफ पायजे."

त्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली. मग साळूनं पुन्हा एकदा शेजारी जाऊन तिन्ही शेजारणींना हाताला धरून आणलं. नाही म्हणाल्या तरी आणलं. सगळ्यांना बसवलं, गरम वाढलं, कुणाला उठू दिलं नाही. त्यांनी आपल्या घरी तेच केलं. आळीभर तेच झालं.

जशी अन्नपूर्णामाई साळूला पावली, हरवलेली भूक परत आली, रुसलेली जीभ गोठ्यात आली, शेवटी जेवणारी आधी जेवली, तशी ती तुम्हां आम्हां पावो. माहेरी जाल तर पोटभर खा, परत याल तर रागावू नका स्वतःवर, ताट मांडा. आणि ही कहाणी संपली की उठून भाकऱ्या टाकायला पळणारी जी कुणी तुमच्यात असेल, तिला आधी बसवा. ही साठां घासांची कहाणी, पांचां घासांत गोड झाली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.